बत्तिशीकाकांचा पांढरा रंग

बत्तिशीकाका समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, तोंडात बघून बोलत. तुम्ही त्यांना घरी कोण आजारी आहे ते सांगत असलात तरी काकांची नजर तुमच्या वरच्या डाव्या सुळ्यावर. तुमचं सांगून झालं की ते मनापासून हळहळत आणि म्हणत, "बाकी सगळं होईल हो ठीक. पण तो सुळा एकदा दाखवून घ्या."

त्यात त्यांचा दोष नव्हता. उभं आयुष्य खोटे दात घडवण्यात गेलेलं. माप डॉक्टर पाठवणार, दात काका करणार आणि बसवून झाल्यावर पेशंट आरशात हसून आभार मानणार ते डॉक्टरांचे. काका तिथे नसतच. ते आपले घरामागच्या छोट्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी, कपाळावर भिंग चढवून. खिडकी उत्तरेचीच, कारण तिथला उजेड दिवसभर सारखा राहतो आणि रंग फसवत नाही. त्यांच्या धंद्याचं पहिलं सूत्र होतं: नवा दात पांढरा नको, शेजाऱ्यासारखा हवा. शेजारचा दात चहाने पिवळा पडलेला असेल तर नवाही तेवढाच पिवळा. शेजाऱ्याला बारीक चीर असेल तर नव्यालाही चीर. काकांचा दात तोंडात गेला की पेशंटच्या बायकोलासुद्धा ओळखू येत नसे. आणि ओळखूच येत नाही म्हटल्यावर कौतुक कोण करणार आणि कशाचं?

अशा या नाकासमोर चालणाऱ्या माणसाने एके दिवशी स्पोर्ट्स कार विकत घेतली.

गाडी जुन्या जमान्यातली, बुटकी, दोनच माणसांची. काका शाळेत असताना तशीच एक पांढरी गाडी वळणावरून गेली होती आणि ती दिसेनाशी होईपर्यंत काका तोंड उघडं टाकून उभे होते. तेव्हापासून ती डोक्यात होती. आता मिळाली ती मात्र वेगळ्याच अवतारात. रंग जांभळा, त्यावर दोन्ही बाजूंनी ज्वाळांची चित्रं. मागे एवढा मोठा पंख की त्यावर दोन चादरी वाळत घालाव्यात. पोटाखाली निळे दिवे. डिकीत सामानाऐवजी स्पीकर. बॉनेटवर हवा आत घेणारं एक रुबाबदार नाक होतं, पण त्याला खाली भोकच नव्हतं, नुसतं चिकटवलेलं.

विकणारा तरुण होता. दंड असे की शर्टाला श्वास घेता येत नव्हता. "फुल केलीय काका! साउंड फुल, लाइट फुल, मागे विंग फुल!"

"आणि मूळची गाडी?" काकांनी विचारलं.

"ती आहे ना आत!" तो म्हणाला. त्याच्या खालच्या दाढा उत्तम होत्या, म्हणून काकांनी विश्वास ठेवला.

गाडी दारात येऊन धडधडली तेव्हा काकू शिवणाच्या मशीनवरून उठून आल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"का हो, ही कुठल्या सर्कशीतून पळून आलीय?"

"अगं, हे सगळं वरचं नकली आहे. ते काढायचं आणि खालची मूळ गाडी बाहेर काढायची."

"नकली!" काकू म्हणाल्या. "कोण बोलतंय बघा! गावभर खोटे दात वाटलेत आणि गाडीचा पंख खोटा म्हणून पोटात दुखतंय."

खरा प्रश्न पंखाचा नव्हता, गॅरेजचा होता. गॅरेजात गाडी ठेवायची असते ही गोष्ट त्या घरात कुणालाच माहीत नव्हती, कारण तिथे काकूंचं दुकान होतं. दोन मशीनं, इस्त्रीचं टेबल, कपडे घालून बघायला उंच आरसा. लोकांचे कपडे सैल करणं, आवळणं, उसवून पुन्हा शिवणं हा काकूंचा धंदा. आता ते सगळं झोपायच्या खोलीत जाणार होतं.

काकूंनी अट घातली. "एक वर्ष. जुन्या गाड्यांचं ते तुमचं मंडळ तपासणी करतं ना? तिथे अस्सल मूळ रूपातली म्हणून पास झाली, पितळी बिल्ला मिळाला, तर राहू दे. मी आयुष्यभर पलंगाशेजारी शिवत बसेन, ब्र काढणार नाही. नापास झाली तर विकायची आणि माझं गॅरेज मला. आणि हो, पास झाल्याशिवाय मी त्यात पाऊल ठेवणार नाही."

"कबूल," काका म्हणाले. त्यानंतर कुणी गिऱ्हाईक कपडे घालून बघायला आलं की काकांना चहाचा कप घेऊन झोपायच्या खोलीतून बाहेर व्हावं लागे. एकदा तर ते अर्धी दाढी झालेली असताना अंगणात उभे होते.

कामाला मिस्त्री मिळाले ते हाताचे पक्के आणि तोंडाने एका शब्दाचे. तो शब्द 'किरकोळ'. पण ते दोन प्रकारे म्हणत. ताठ मानेने "किरकोळ!" म्हणाले तर काम दुपारपर्यंत होणार. आणि कान खाजवत, लांब कुठेतरी बघत "तसं... किरकोळच म्हणायचं" म्हणाले की समजायचं, इंजिन खाली उतरवावं लागणार. काका महिन्याभरात कान बघून ओळखायला शिकले. मिस्त्रींचा हात वर जाताना दिसला की काका आधीच स्टुलावर बसून घेत.

पंख निघाला, त्याखाली चार भोकं निघाली. रुंद केलेले मडगार्ड निघाले, त्यांच्याखाली बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा, निघाली. ती लांबी काका दातांच्या बारीक हत्यारांनी खरवडत बसत.

"काका, पटाशी घ्या की मोठी," मिस्त्री म्हणत.

"नाही, नाही. इथं कीड आहे. मुळापर्यंत गेलीय का बघू दे."

"गंज म्हणा हो!"

"तेच ते. दुखतंय का?" काका पत्र्याला विचारत, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन घसा खाकरत.

डॅशबोर्डचं एक बटण गायब होतं. मिस्त्री म्हणाले, "तुमच्या त्या दातांच्या मसाल्यातून घरीच ओता की. किरकोळ!"

काकांचा चेहरा असा झाला जणू कुणी देवळात चप्पल घालून शिरलं. "नकली? माझ्या गाडीत?"

आतून काकूंचं मशीन थांबलं आणि हसण्याचा आवाज आला. मूळ बटण शोधण्यात पुढचे तीन महिने गेले. कुठल्याशा लांबच्या शहरातल्या भंगारवाल्याकडे ते सापडलं, आणि ते आलं त्या दिवशी काकांनी जेवताना ते ताटाशेजारी ठेवलं होतं.

मग आला रंग. मंडळाचा नियम कडक होता: कारखान्यातून गाडी निघाली त्याच रंगाची हवी. जांभळ्याखाली काळा निघाला, काळ्याखाली लाल, आणि लालखाली सरळ पत्रा. आधीच्या मालकांनी मूळ रंग पार घासून टाकलेला. पण डॅशबोर्डमागे, तेलकट अंधारात, हाताच्या तळव्याएवढं एक झाकण होतं. त्याला कुणीच हात लावला नव्हता. त्यावर मूळ रंग जसाच्या तसा.

काकांनी ते झाकण तान्ह्या मुलासारखं उत्तरेच्या खिडकीत नेलं. भिंग चढवलं. दातांच्या रंगांची पट्टी, जिच्यावर पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत नमुन्याचे दात ओळीने लावलेले असतात, ती शेजारी धरली. रंगवाल्याने पाठवलेले नमुने ते एकामागून एक परत पाठवत राहिले. "तपकिरीचा थेंब वाढवा." "आता राखाडी." "हा फार तरुण वाटतो." रंगवाला फोनवर म्हणाला, "काका, मी भिंती रंगवतो, गाड्या रंगवतो. तरुण रंग म्हणजे काय?" शेवटी काकाच त्याच्याकडे जाऊन बसले आणि स्वतःच्या हाताने थेंब मोजून रंग कालवला. चकाकीसुद्धा झाकणाएवढीच, म्हणजे नव्हतीच.

रंगवून आलेल्या गाडीवर ते झाकण ठेवलं तर कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं ते कळेना. काकांनी समाधानाने श्वास सोडला.

मिस्त्री मात्र डोकं तिरकं करून बघत होते. "काका, पांढरी म्हणत होतात ना? ही जरा..."

"मूळ आहे."

"नाही, म्हणजे पिवळट..."

"मूळ आहे हो! झाकण बघा."

"तसं... किरकोळच म्हणायचं," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा हात कानाकडे गेला. पण त्या दिवशी काकांचं कानाकडे लक्ष नव्हतं.

तपासणी एका मोठ्या मैदानात होती. ओळीने गाड्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी, आणि प्रत्येक मालक मऊ फडक्याने तीच तीच जागा पुसत असलेला. काकू बसने आल्या, ठरल्याप्रमाणे, आणि जरा लांब उभ्या राहिल्या.

तीन परीक्षक आले. त्यांतले मुख्य होते हातमोजेवाले. पांढरे हातमोजे, हातात भिंग, आणि तोंडात एकच "अच्छा". सीटचं कापड: "अच्छा." इंजिनवरचे आकडे: "अच्छा, अच्छा." ते बटण: "अच्छा!" काकांचं काळीज प्रत्येक अच्छाबरोबर एकेक इंच वर चढत होतं.

मग हातमोजेवाले दारापाशी वाकले, भिंग लावलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"अच्छाऽऽ..." ते म्हणाले. "म्हणजे हिला कधी रंग दिलेलाच नाही?"

काकांनी तोंड उघडलं. पण हातमोजेवाले आधीच साथीदारांकडे वळले होते. "या, बघा. ही गाडी कारखान्यातून शुभ्र निघायची. दुधासारखी. आणि हा बघा, वर्षानुवर्षांत पिवळट पडलेला, मुरलेला पांढरा. जन्मापासूनचा रंग आहे हा. नुसता बिल्ला काय, यांना वरचा मान द्यायला हवा."

शुभ्र. दुधासारखी. काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झाकण अंधारात, तेलाच्या वाफेत राहून पिवळं पडलं होतं, आणि त्यांनी सवयीने गाडी त्या शेजाऱ्याला मिळती केली होती! अख्खी गाडी त्यांनी चहा पिणाऱ्या म्हाताऱ्याच्या दातासारखी रंगवली होती.

आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की गाडी राहणार. काकूंकडे त्यांनी चोरून पाहिलं. काकूंनाही सगळं कळलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. आणि गप्प बसण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"असा रंग नव्याने करता येत नाही," हातमोजेवाले सांगत होते. "लोक प्रयत्न करतात, पण लगेच कळतं."

काकांचे कान गरम झाले.

"मी तर म्हणतो, माणसाच्या हाताला हे जमणारच नाही."

"जमलंय," काका म्हणाले.

"काय?"

"मी केलाय. गेल्या महिन्यात." आणि मग बांध फुटला. "तपकिरीचा अर्धा थेंब जास्त घेतलाय, बघा, या कडेला कळेल. राखाडी अगदी शेवटी. आणि भर उन्हात नाही बघायचा, सावलीत बघा, उत्तरेकडून! या, इकडून या!"

तिन्ही परीक्षक उत्तरेकडून आले. शेजारच्या गाडीचे मालक फडकं टाकून आले. काका हातवारे करत होते, दारावर नख वाजवत होते, एकाला तर "तुमचा पुढचा दात घ्या उदाहरणार्थ" म्हणून जबडा उघडायला लावला. तो माणूस आज्ञाधारकपणे आ करून उभा राहिला. इतकी माणसं इतक्या कौतुकाने काकांचं ऐकतायत हे त्या मैदानाने आणि काकूंनी पहिल्यांदाच पाहिलं.

मग हातमोजेवाल्यांनी हातमोजे काढले आणि काकांचा हात हातात घेतला. "थोर आहात. पण रंग कारखान्याचा नाही. नापास."

गर्दी पांगली. काकू हळूहळू चालत आल्या.

"का हो, गप्प नाही बसता आलं?"

"नाही."

"आजवर बसलात की, इतकी वर्षं."

"म्हणूनच," काका म्हणाले.

समोर काकूंची बस येऊन थांबली. काकूंनी बसकडे पाहिलं, काकांच्या पडलेल्या खांद्यांकडे पाहिलं, बस जाऊ दिली आणि गाडीचं दार उघडलं. सीट इतकी खाली होती की त्या बसल्या की पडल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "अगं आई! ही गाडी आहे की खड्डा?"

गाडी अर्ध्या रस्त्यावर आली. मग काकू म्हणाल्या, "तो हातमोजेवाला काय म्हणत होता? माणसाच्या हाताला काय?"

"जमणारच नाही."

"असं नाही. त्याच्यासारखं म्हणा."

काकांनी मान ताणली, नाकातून आवाज काढला. "अच्छाऽऽ... माणसाच्या हाताला हे जमणारच नाही!"

काकू इतक्या हसल्या की शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्याने वळून बघितलं. डोळे पुसून त्या पुन्हा धंद्याच्या आवाजात आल्या. "ठरल्याप्रमाणे विकायची तर आहेच. पण नापास शिक्का घेऊन गाडी दारातून गेली तर लोक म्हणतील, दातवाल्याला पांढरा ओळखता आला नाही. आधी पांढरी करा, पास करा, मग बघू विकायचं."

काकांनी गाडी जरा सावकाश केली. "पांढऱ्यात पांढरे किती असतात माहीत आहे तुला? वर्ष जाईल."

"जाऊ दे. गॅरेज मात्र उद्यापासून माझं. गाडी अंगणात."

"अंगणात?" काका दचकले. "अगं, उन्हातान्हात, धुळीत? रंगाची वाट लागेल! जुना दिसायला लागेल!"

"लागू दे की," काकू म्हणाल्या. "तुमचे तेवढे कष्ट वाचतील."