हर्णेला समाचाराला

मी शिकवते त्या वर्गातल्या एका मुलीचे वडील गेले. हर्णेहून रोज एस्टीने दापोलीला कॉलेजात येणारी मुलगी. वडील होडीवर खलाशी, धडधाकट माणूस. संध्याकाळी मासळीचा लिलाव आटोपून घरी आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा ग्रुप उघडला आणि माझं डोकंच फिरलं. "या दुःखद प्रसंगी आमच्या संवेदना तुमच्यासोबत आहेत." एकाखाली एक, सगळ्यांचं तेच. जिच्या डब्यातली सुकटीची चटणी ही कार्टी वर्षभर चाटूनपुसून खात होती, तिला 'तुमच्यासोबत'! एकाने तर खालची एआयची 'आणखी हृदयस्पर्शी करून देऊ का?' ही ओळसुद्धा तशीच ठेवलेली. पुसायचेही कष्ट नकोत मेल्याला!

चार दिवसांनी वर्गात विचारलं, "भेटायला कोण गेलं?"

सगळे वह्या चाळायला लागले.

"काय, तोंडं शिवलीत?"

शेवटी तिच्या शेजारी बसणारी पुटपुटली, "मॅडम, तिथे जाऊन काय बोलायचं तेच कळत नाही. चुकीचं काही बोललो तर? म्हणून एआयला विचारून नीट लिहून पाठवलं." सूर असा, की मी शाबासकीच द्यावी.

तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे संवादकौशल्याची शिबिरं होतात, बाहेरून पाहुणे येतात, मुलाखतीत हात कसा मिळवायचा ते शिकवतात. आणि मैत्रिणीचा बाप गेला तर तिच्याजवळ जाऊन बसावं, हे कोणी शिकवायचं? आमच्या गावी आईचा पदर धरून आम्ही समाचाराला जायचो. तिथे भाषण कोण करतंय? जायचं, खाली बसायचं, त्यांनी काही काढलं तर बोलायचं. उठताना 'पुन्हा येतो' मात्र म्हणायचं नाही, कारण अशा कारणाने पुन्हा यायची वेळ कोणावर येऊ नये. मुकाट्याने निघायचं. झालं! एवढ्याला यंत्र लागतं?

"उठा," मी म्हटलं. "फोन पिशवीत टाका. दुपारची एस्टी पकडायचीय."

सगळी नाहीच आली. आली त्यांना वाटेभर मी हेच बजावत होते, निघताना 'पुन्हा येतो' म्हणायचं नाही.

ती ओटीवर बसली होती. आम्हाला बघूनही हलली नाही. तिची आई म्हणाली, "बरं झालं आलात, बाई. कॉलेज सोडते म्हणते. धड जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. तो फोन तेवढा हातात."

पोरं दाटीवाटीने बसली. तिची बाकावरची शेजारीण काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "ग्रुपवर सगळ्यांना किती छान उत्तर दिलंस ग."

"मी कुठे दिलं? एआयला सांगितलं. तुम्ही पण त्यालाच सांगितलेलंत ना?"

एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. तिकडून यंत्र रडतंय, इकडून यंत्र आभार मानतंय आणि पोरगी इथे उपाशी. मी दात आवळून बसून राहिले.

मग शेजारणीला रडू फुटलं. "माझी शेवटची गाडी चुकली होती तेव्हा तुझ्या बाबांनी मला बाईकवरून घरी सोडलं ग."

"आणि वाटेत पेट्रोल संपलं," ती म्हणाली. "मला शिव्या घालत होते, तुझ्या मैत्रिणीला घड्याळ कळत नाही म्हणून." आणि ती जी रडायला लागली, ती आईच्या मांडीवर आडवी झाली. आईने डोळे पुसले आणि आत जाऊन पेज आणली. चार घास गेले पोटात.

मी खूण केली. सगळे मुकाट उठले, चपला घातल्या. आणि दारातून ती शेजारीण मोठ्याने म्हणाली, "उद्या परत येते हं!"

कप्पाळ माझं! एवढं घोकून घेतलेलं सगळं पाण्यात. मी तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला आणि आईची माफी मागायला वळले.

तेवढ्यात ओटीवरून तिचा आवाज आला, "कितीच्या एस्टीने?"