सबको कव्हर

सौदीत जुबैलला आम्ही ज्या अमेरिकन साहेबांकडे होतो, त्यांचा मूळ धंदा विम्याचा. आमचे हे त्यांची गाडी चालवायचे, मी स्वयंपाक करायचे. व्हिलाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं आणि आमची सहा वर्षांची मुलगी राहत होतो. साहेबांनी तरुणपणी त्यांच्या गावात दारोदार फिरून विमे विकले होते, त्यामुळे माणसाशी कसं बोलावं ते त्यांना छान जमायचं. कंपनीच्या कॅम्पवरच्या मजुरांची नावं पाठ करायचे, हात दोन्ही हातांत धरून हलवायचे. "परत गेले की आमदारकीला उभे राहणार आहेत," हे मला सांगायचे. "इथं सराव चाललाय."

कुवेतवरून इराकशी लढाई तोंडावर आली तेव्हा मजूर घाबरले. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, पळणार कुठं? पण काम बंद करू म्हणाले. कंपनीने साहेबांना मेसमध्ये बोलायला पाठवलं. गोऱ्या लोकांच्या घरी तेव्हाच विषारी गॅसपासून बचावाचे मास्क आले होते आणि ते खोके सगळ्यांनी पाहिले होते.

मी मेसच्या दाराआड उभी होते. साहेब बाकावर चढून इंग्रजीत बोलले. यांनी हिंदीत सांगितलं, "साहब बोलते हैं, सबको कव्हर मिलेगा."

आमच्या तालुक्यातले एक चाचा तिथे वेल्डर होते. ते ओरडले, "तोंडाचं कव्हर ना रे?"

यांनी साहेबांना विचारलं, "एव्हरीबडी, सर?"

"एव्हरीबडी!"

"हो चाचा. सगळ्यांना."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेले. मुलीला मी सांगितलं, तुलापण मिळेल. ती म्हणाली, "पिंकवाला मिलेगा?"

मास्क आले नाहीत, भोंगा आधी वाजला. यांनी खिडकीला चिकटपट्टी लावली, दाराखाली ओला टॉवेल कोंबला. मुलीच्या तोंडावर मी ओला रुमाल बांधला. ती गुदमरून काढायची, मी परत बांधायचे. लांब दम्मामच्या बाजूला धाडकन आवाज झाला.

सकाळी मजूर व्हिलाच्या फाटकाशी जमले. साहेबांना वाटलं, आभार मानायला आलेत. ते एकेकाचा हात हातात घेऊ लागले. यांनी विचारलं, मास्क कधी? साहेब गोंधळले. ते विम्याबद्दल बोलले होते. कव्हर म्हणजे विमा. माणूस मेला तर घरच्यांना पैसे.

यांनी ते मजुरांना सांगितलं. मग चाचा म्हणाले, "त्यांना विचार, बॉम्बने मेलो तर?"

यांनी विचारलं. साहेब म्हणाले, लढाईत मेलं तर नाही. खोटं बोलले नाहीत, हेही लिहिलं पाहिजे.



"बोल ना," चाचा म्हणाले. "मेसमध्ये तर पोपटासारखा बोलत होतास."

यांनी सांगितलं.

साहेब आत गेले, स्वतःचा मास्क घेऊन आले आणि सगळ्यांसमोर यांच्या हातात दिला. "तुझ्या मुलीसाठी," म्हणाले.

सगळी माणसं त्या मास्ककडे बघत होती. यांच्या शब्दावर ती कामावर गेली होती. आता मास्क घेतला असता तर त्या शब्दाचा मोबदला घेतला असंच झालं असतं. मला ते कळत होतं. तरी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मनात म्हणत होते, घ्या, घ्या.

यांनी तो पायरीवर ठेवला.

"नाटकं पुरे," चाचा म्हणाले. "यल्ला, चला रे."

भोंगे पुढेही वाजले. आम्ही वाचलो. पण दुपारी मेसमध्ये हे जेवायला बसले की शेजारचे लोक ताट उचलून उठायचे, मग हे घरीच जेवू लागले. साहेब लढाई संपायच्या आत निघून गेले. पुढे ते निवडून आले, फार छान बोलतात म्हणे, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. हे "बरं" म्हणाले.

लढाई संपली त्याच वर्षी चाचांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांनी आपणहून यांना दवाखान्यात बोलावलं, मी डबा घेऊन बरोबर गेले. डॉक्टर मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता. एक्स-रे उजेडाला धरून तो इंग्रजीत बराच वेळ बोलला.

"काय म्हणतो रे? सांग," चाचा म्हणाले.

"मला इंग्रजी कळत नाही, चाचा."

यांनी मान हलवलेली पाहून डॉक्टरला वाटलं, आपण भराभर बोललो. तो पुन्हा पहिल्यापासून, हळूहळू सांगू लागला. चाचा एकदा त्याच्याकडे, एकदा यांच्याकडे बघत राहिले.