उम्म अल कुवेनच्या खोरातली शेरी

सकाळी सहाला मोहम्मद बिन झायद सिटीतून निघायचं ठरलं होतं, निघालो पावणेआठला. हर्णैहून महिन्याभरासाठी आलेल्या अब्बांना आपली गळाची दोरी दुसऱ्या कुणी गुंडाळलेली चालत नाही, आणि पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात अर्धाच चालतो. मी पुढे झाले की ते पाठ फिरवत. त्यात शारजाजवळ तासभर गाड्या हलेनात. अब्बा सारखे ओहोटीची वेळ सांगत होते, जणू रस्ता मीच अडवला होता.

खोरावर (खाडीवर) पोचलो तेव्हा पाणी ओसरू लागलं होतं. मार्चचं ऊन अजून सोसण्यासारखं होतं. खारफुटीपाशी पाणी इतकं नितळ की बोय माशांच्या सावल्या वाळूवरून सरकताना दिसत होत्या. तिथे कळलं, आमिषाची कोळंबी घरी फ्रीजमध्येच राहिली. चूक माझी. अब्बांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं, त्याचाच मला जास्त राग आला.

दुकान शोधून कोळंबी आणली, तर दोन तास केंड (फुगणारे मासे) ती कुरतडून नेत राहिले. मग गळ खारफुटीच्या मुळांत अडकला. सोडवायला गेले तर तो तुटला आणि माझी चप्पल चिखलात गेली ती गेलीच. डाव्या हाताने नवा गळ बांधायला अब्बांना वीस मिनिटं लागली. शेवटी न राहवून मी म्हटलं, "द्या इकडे."

"आज गाठ बांधशील, उद्या घास भरवशील," ते म्हणाले. "राहू दे."

शेजारी घडीच्या खुर्चीवर एक वयस्कर अरब गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांनी आम्हाला गहवा (वेलदोड्याची कॉफी) दिला. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार होतं.

आणि दोरी ताणली गेली. अब्बा डाव्या हाताने ओढत, ओढलेली दोरी उजव्या कोपराखाली दाबत, पुन्हा ओढत. मी हात मागे बांधून उभी राहिले. पाण्याबाहेर आली ती हातभर लांब शेरी, पिवळट खवल्यांवर निळे ठिपके. आजारपणानंतरचा त्यांचा पहिला मासा.

गृहस्थ उठून आले. संकोचून म्हणाले, "हाजी, शेरी पकड़ना अभी बंद है. अंडे का मौसम है."

माझा संयम तिथे संपला. इतका खटाटोप करून हे? एकच तर मासा आहे, कुणाला कळणार, असं मी अब्बांना मराठीत म्हणाले. अब्बांनी अंगठ्याने माशाचं पोट चाचपलं.

"गाभोळी भरलीये. आपण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतो त्या कशासाठी? धर तिला, गळ काढतो."

मी धरली. त्यांनी गळ सोडवला, गुडघाभर पाण्यात ओणवून तिला तळहातावर तोललं. कल्ले हलले आणि ती गेली.

घरी डाळभातच होता. अब्बांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला आणि फोनवर अम्मीला शेरीची लांबी सांगितली. सोडून दिल्याचं नंतर, सहज. मी दिवसभर मासा घरी न्यायच्या मागे होते. त्यांना फक्त तो ओढता येतो का, एवढंच बघायचं होतं.