बोझा सोडून बाकी बेट

जानेवारीचा वायव्येचा वारा पहाटेपासून ओलिएना गावाच्या कौलांवर आपटत होता. पास्कामावशीच्या भट्टीघरात मात्र आम्हाला घाम फुटलेला. मी कागदाएवढी पातळ भाकरी लाटायची, मावशीनं भाजायची, टम्म फुगली की कडेनं सुरी फिरवून दोन पापुद्रे सुटे करायचे. सरपण घालायचं काम तिच्या नवऱ्याचं, बाकीसियोकाकाचं.

काकानं चौतीस वर्षं ओलिएना ते नुओरो एकच बस हाकली, आता निवृत्त. माणूस सोन्यासारखा, पण जळका. मावशीच्या भाकरीची तारीफ पाद्रीबाबानं केली तरी ह्याचं तोंड दोन दिवस आंबट. "निवृत्त झालो की तुला अख्खं सार्डिनिया बेट फिरवतो," हा त्यानं लग्नात दिलेला शब्द. उन्हाळ्यात रस्ते पाहुण्यांच्या गाड्यांनी तुंबलेले, म्हणून फेब्रुवारी ठरला. आज त्यानं परातीशेजारी नकाशा पसरला. पेन्सिलीची रेघ किनाऱ्याकिनाऱ्यानं अल्घेरोपर्यंत आली आणि एकदम डोंगरात पळाली.

"बोझा गाव कुठं गेलं?" मावशीनं विचारलं.

"दरड कोसळलीय तिकडं."

"कधी?"

"कोसळेल. पावसाचे दिवस आहेत."

हसू दाबायला मी ॲप्रनमध्ये तोंड खुपसलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, लग्नाआधी बोझाच्या सेराफीनोनं मावशीला मागणी घातली होती. आता नदीकाठी त्याचं सहा खोल्यांचं लॉज आहे. मावशीला सेराफीनोचं काही नव्हतं. "बोटी चालतात अशी एकच नदी आपल्या बेटावर," ती म्हणायची, "मरायच्या आधी बघू दे की!"

"लॉज ईस्टरपर्यंत बंद," काका म्हणाला. "मी फोन करून विचारलंय."

"कुणाला?"

काका भट्टीत डोकावायला लागला.

मावशीनं पिठाच्या बोटांनीच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडं सेराफीनो हसत सुटला. "बंद? छे! पास्का, चार दिवसांमागं मिलानहून कुणी इंजिनियर बोलला. भाडं विचारलं नाही, खोली विचारली नाही. विचारतो काय, तर मालक विधुर आहे का, आणि डोक्यावर केस उरलेत का! आणि शब्द असे घशात गिळत होता, ओलिएनावाल्याखेरीज तसे कुणी गिळत नाही."

काकाचा हात आपसूक टोपीकडं गेला. खाली चकचकीत टक्कल.

"मग? उरलेत का?" तो फोनवर खेकसला.

"पांढरे, पण भरपूर. बायकोच कापते."

"बायको आहे?"

"अडतीस वर्षं झाली! भाकरी घेऊन या, ती मासे करेल."

फोन ठेवला तोवर एक भाकरी करपली होती. मावशीनं ती बाजूला टाकली.

"शब्द अख्ख्या बेटाचा दिला होतास, बाकीसियो. बोझा सोडून बाकी बेट, असा नाही."

काकानं पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं. बराच वेळ ती नकाशावर टेकेना. मग समुद्राच्या कडेनं, हळूहळू, रेघ बोझापर्यंत आली.

"जेवायचं आणि निघायचं."

"मुक्काम."

"मग टोकाची खोली. आणि त्याला भाकऱ्या द्यायच्या त्या लाटणारीच्या हातच्या, तुझ्या नाहीत."

"लाटते ती, भाजते मी. वेगळ्या कशा करशील?" मावशीनं सुरी फिरवली. "जा, सरपण संपलं."

टोपी कानापर्यंत ओढून, कुऱ्हाड घेऊन काका वाऱ्यात बाहेर पडला.