उसनी खुर्ची

भामाबाई मूळची माणदेशातली, दहिवडीच्या पलीकडची, मेंढरांमागं वाढलेली. बापाचा तळ कुठल्याही माळावर पडलेला असो, आलेल्या माणसाला उघड्या भुईवर बसू द्यायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पिठाचा डबा रिकामा असला तरी पाहुण्याला घोंगडी अंथरली जायची.

लागोपाठच्या दुष्काळांत मेंढरं गेली आणि ती नवऱ्याबरोबर सांगलीला आली. हरिबा हळदीच्या गोदामात पोती वाहायला लागला, ती हळद निवडायला. नदीकाठच्या वस्तीत दोघांनी पत्र्याची खोली उभी केली. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. पिवळी धूळ खाऊन खाऊन हरिबाची छाती कामातून गेली आणि डोक्यावरच्या पत्र्याची चाळण झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की यांना ओलीपासून जपा, गळक्या घरात पुढचा पावसाळा निघायचा नाही.

शिमग्याच्या आसपास बातमी आली. शहराच्या वस्तीविकास निधीतून वस्तीतल्या पाच गरजू घरांना नवं छप्पर मिळणार होतं. अर्ज भरले गेले. मग वॉर्ड ऑफिसचा माणूस घरोघर पाहणीला येणार असं कळलं. पाहणी कशाची, हे कुणी सांगितलं नाही. भामाबाईला एवढंच उमगलं की साहेब आपल्या घरी येणार. आता साहेबाला काय घोंगडीवर बसवायचं? तिला नुसत्या विचारानंच कानकोंडं झालं.

शेजारची संयोगिता, दोन पोरी आणि म्हातारी सासू एकटीनं सांभाळणारी बाई, मदतीला धावून आली. तिनं आपल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या, टेबलफॅन दिला, कपबश्या दिल्या, खाटेवर टाकायला फुलांची चादरसुद्धा दिली. एवढं देऊन ती कामावर गेली.

कारकून विश्वजीत आला. माणूस सभ्य होता. खुर्चीवर बसला, पंख्याचा वारा खाल्ला, चहा पिऊन चांगला झालाय म्हणाला. गप्पांच्या ओघात कागदावर खुणा करत राहिला. पाहुण्यासमोर बरं दिसत नाही म्हणून हरिबानं तेवढा वेळ खोकला दाबून धरला, डोळ्यांत पाणी आलं तरी धरला. तिथून विश्वजीत संयोगिताच्या घरी गेला. तिथं सासू भुईवर बसली होती आणि खोलीत दुसरं काही नव्हतं. तो उभ्या उभ्याच परतला.

यादी लागली तेव्हा संयोगिता तिसरी होती. भामाबाई सहावी.

ती वॉर्ड ऑफिसात गेली. विश्वजीतनं ओळख ठेवली, बसायला सांगितलं, तिचा कागद काढून वाचून दाखवला. खुर्च्या दोन. पंखा आहे. घर नीटनेटकं. आजारी व्यक्ती दिसून आली नाही. घरात जितकं कमी तितके गुण जास्त, असा तक्ताच वरून आला होता. ज्यानं तो आखला, त्याच्या घरी कधी पाहुणा येत नसावा.

विश्वजीतला काहीतरी शंका आली असावी. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, त्या वस्तू तुमच्या नसतील तर कुणाच्या होत्या ते लिहून द्या. मी दोन्ही घरं परत बघतो."

नाव जिभेवर आलं. संयोगिताच्या खोलीत खुर्च्या गेल्या की तिचे गुण खाली जाणार, आपले वर येणार, हे भामाबाईला न शिकताही कळलं. पण पत्रा तिचाही गळत होता. पावसात तिच्या दोन्ही पोरी दप्तरं मांडीवर घेऊन बसायच्या. आणि मागितल्याबरोबर घर उपसून देणारी तीच होती.

"आमच्याच व्हत्या, सायेब," भामाबाई म्हणाली.

बाहेर येऊन मात्र ती रस्त्याच्या कडेला बसली आणि रडली. आपण काही मोठं केलं असं तिला वाटलं नाही. आपण हरिबाला विकून आलो, असं वाटलं. घरी तिनं त्याला यादीत नाव नाही एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "आसू दे. चहा तर चांगला झाला व्हता."

वळवाच्या आधी पाच छपरं बसली. संयोगितानं एक खुर्ची परत नेलीच नाही. तिला ऑफिसातलं काही ठाऊक नव्हतं. मामांना टेकून बसायला होईल, ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, एवढंच ती म्हणाली. आषाढात हरिबाला आडवं होता येईना. खोलीत एकच कोपरा कोरडा होता. तिथं खुर्ची ठेवून तो दिवसभर त्यात बसायचा आणि श्वास ओढायचा. श्रावण लागला त्या आठवड्यात तो त्या खुर्चीतच गेला.

तिसऱ्या दिवशी विश्वजीत नवी छपरं तपासायला वस्तीत आला होता. दारात माणसं पाहून त्यानं चौकशी केली आणि तो आत आला. संयोगितानं लगबगीनं खुर्ची पुढं ओढली. भामाबाई उठली. तिनं खुर्ची उचलून भिंतीशी नेली, ट्रंकेतली घोंगडी काढली आणि ओल्या भुईवर अंथरली.

"हितं बसा, सायेब. आमच्याकडं एवढंच हाय."

त्यानं बूट काढले आणि तो बसला. या वेळी त्याच्या हातात कागद नव्हता.