घारापुरीच्या मॅडम

काही गुन्हे कागदावर मिटतात, डोक्यातून जात नाहीत. निवृत्तीच्या थोडं आधी भिवंडीत असताना हाताळलेला हा गुन्हा तसाच.

रविवारी संध्याकाळी पोलीस ठाण्यात फोन आला. "साब, घारापुरी से टूर की बस आ रही है. मॅडम के डब्बे की थैली में गांजा है." नाव विचारताच फोन बंद.

स्टेशन डायरीला नोंद घेतली, वरिष्ठांना कळवलं आणि दोन पंच, महिला अंमलदार घेऊन अंजूरफाट्याजवळ बस थांबवली. आत दिवसभर बेट हिंडून दमलेली कुटुंबं. मॅडम म्हणजे शहरातल्या एका शाळेतल्या शिक्षिका. सुट्टीच्या दिवशी त्या लोकांना बसने आणि पुढे लाँचने घारापुरीला न्यायच्या. लेणी, स्तूपाची टेकडी, वरच्या तोफा असं सगळं समजावून दाखवायच्या. त्यांच्या डब्याच्या पिशवीत, तळाच्या पुठ्ठ्याखाली पुडी निघाली. गांजाच होता.

"ओ साहेब, ही बाई तसली न्हाय," मागच्या सीटवरच्या आजी ओरडल्या. "माझा हात धरून सगल्या पायऱ्या चढवल्यान हिनं!"

ठाण्यात मॅडम रडल्या नाहीत. अटक झाली तर नोकरी जाणार, हे त्यांना कळत होतं.

"पिशवीला कोणी हात लावला?"

"कोणीच नाही, सर. खांद्यालाच होती."

"सकाळी भरली कोणी?"

त्याही अवस्थेत त्यांचा चेहरा उजळला. "आमच्या मिस्टरांनी. लग्नानंतर पहिल्यांदाच डबा भरून दिला."

अडकलेला माणूस दुसऱ्याचं नाव पुढे ढकलतो. या बाई तर कौतुक करत होत्या. मी महिला अंमलदाराकडे पाहिलं. तिने नवऱ्याचा नंबर लिहून घेतला.

नवरा राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर. बोलावल्यावर लगेच आला. बायको कशी आहे, हे त्याने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "आता तिची टूर बंद होणार ना, साहेब?"

खबर आलेला नंबर त्याच गोदामातल्या हमालाचा निघाला. हमाल म्हणाला, "सुपरवायझर साब ने बोलने को बोला, मैंने बोल दिया." हे समोर ठेवल्यावर नवऱ्याने कबूल केलं.

"एकदा मीपण गेलो होतो टूरला. ती बोलत होती आणि अख्खी बस गप्प ऐकत होती. एकाने मला विचारलं, तुम्ही मॅडमचे कोण? घरी मी बोलायला लागलो की ही वह्या तपासत असते. तिथे मात्र लोक तिच्या मागे मागे फिरतात. मला नाही बघवलं, साहेब."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. हमालाचा जबाब आणि फोनचा तपशील यांवर नवऱ्यावर गुन्हा उभा राहिला. मॅडम साक्षीदार झाल्या.

जबाबावर सही करून त्यांनी विचारलं, "माझं बाहेर कोणी आहे, असा संशय होता का त्यांना?"

"नाही," मी म्हणालो.

"संशय असता तर बरं झालं असतं, सर. खोटा आहे म्हणून पटवून तरी दिलं असतं. यावर काय सांगणार?"

मत्सराला तिसरा माणूस लागतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्यानंतर तक्रारदाराला "तुमचं कोणाशी वैर?" एवढंच विचारून मी थांबलो नाही. "तुमचं चांगलं चाललेलं घरात कोणाला खुपतं का?" हेही विचारायचो. बहुतेक जण पटकन नाही म्हणायचे, आणि मग दारापर्यंत जाऊन परत यायचे, घरातलंच एखादं नाव सांगायला.