वहिनीसमोर न वाचलेली ओळ

गंगाक्का. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी तिला फसवलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आणि मी म्हणे लोकांना तोंडावर खरं सांगत हिंडतो!

निपाणीच्या बाजारात मी महारोगावरची पत्रकं वाटायचो. मजकूर माझाच. भीड म्हणून ठेवली नव्हती. 'हा रोग पुरुषाच्या अंडांनाही धरतो. सूज येते, उतरते, पण बीज मरतं. मूल नसलं तर बाईला बोल लावू नका.' कुठून आली ही ओळ? अण्णाच्या अंगावरून. त्याला बेळगावला सुया टोचायला मीच न्यायचो. रोग घराला ठाऊक होता. पण त्याला आता मूल होणार नाही, हे डॉक्टरांनी व्हरांड्यात मला एकट्याला सांगितलं. मी ते परक्यांसाठी छापलं — आणि घरात गप्प बसलो.

बेंदराला वहिनी बैल ओवाळायला पुढं झाली, तर आई म्हणाली, "सर गं मागं, रिकाम्या ओटीची तू." दुसऱ्या दिवशी पुढच्या सोप्यात अण्णाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती. तेवढ्यात वहिनी आतून आली. हातात माझंच पत्रक. तिला वाचता येत नव्हतं.

"भावजी, ह्यात पोराबाळाचं काय लिवलंय काय? समद्यांम्होरं वाचा."

मी वाचलं. हात धुणं, औषध, जेवणाची भांडी — बाजारातल्यासारखं खणखणीत. आणि ती ओळ आली. अडखळलो? छे! सरळ पुढची वाचली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग खोट माझ्यातच म्हनायची. छापल्यालं खोटं नसतंय, तुमीच म्हनता न्हवं?" तिनं कागद घडी करून कनवटीला लावला.

अण्णाची अब्रू राखली म्हणू? तेही खोटंच. माझी सोयरीक जुळत आली होती. थोरल्यातच खोट आहे हे कळल्यावर धाकट्याला मुलगी कोण देणार? — एवढंच होतं मनात.

वहिनी बोरगावला माहेरी गेली. आता तंबाखूच्या वखारीत पानं निवडते. घरात दुसरी आली. तिचीही ओटी रिकामीच. यंदा बेंदराला आईनं तिलाही मागं सारलं. मी तिथंच उभा होतो. बोललो का? नाही.

गेल्या महिन्यात बोरगावहून कुणीतरी तेच पत्रक आणून दिलं. निरोप नाही, शिवी नाही. फक्त त्या ओळीखाली तंबाखूच्या बोटाचा तपकिरी ठसा. वखारीतल्या कुणीतरी तिला सगळं वाचून दाखवलं असणार.

माझ्या लिहिण्यानं वहिनीची ही गेलेली सात वर्षं परत येत नाहीत. पण अण्णाची दुसरी अजून आमच्याच घरात आहे, आणि तुमच्याही घरात कुणीतरी असेल. ही ओळ आज सोप्यात उभं राहून वाचा — सासूसमोर, नवऱ्यासमोर, बाईला समोर बसवून. मोठ्यानं. एक शब्दही गाळू नका.